अनीशच्या मापाचा बार

अनीश,

आपल्या घरात बाप कधी चुकत नाही. लष्कराच्या भरतीत तुझे दोन पुलअप कमी पडले, तेव्हा "वटवाघूळ तरी जास्त वेळ लटकतं" असं मी जेवताना म्हणालो, तेवढं सोडून. त्यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस, त्याला आज बावीस दिवस झाले.

सकाळी अलकापुरीतल्या दुकानातून पुलअपचा बार आणला. दाराच्या चौकटीत पिळून बसवायचा सुटसुटीत वाटला होता, पण दुकानदार म्हणाला, "काका, ए तो सरकी जशे." सरकून खाली येईल म्हणे, म्हणून भिंतीत ठोकायचा घेतला. मिस्त्रीने चार बोल्ट मारून बसवलाय. मी लटकून पाहिलं. बार शाबूत आहे, खांद्याचं उद्या कळेल.

पुढच्या भरतीचा फॉर्म टेबलावर आहे. पालकांची सही केली आहे. मी आईला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चाललोय. संध्याकाळी पुलअप मोजायला मी आहे.

किती उंचीवर लावायचा हे तुलाच विचारणार होतो, पण आपलं बोलणं बंद. म्हणून दारावरच्या तुझ्या उंचीच्या पेन्सिलखुणेवरून माप दिलं.

ती खूण आठवीतली निघाली. गुडघे दुमडून लटक.

बाबा