कृष्णविवर आणि आमचा गोबरगॅस

२५ फेब्रुवारी २००२, सोमवार

— आणि मी शेण कालवत होते. हात कोपरापर्यंत बरबटलेले, धार काढून झालेली, चहा गॅसवर. हे बेल्ह्याच्या बाजाराला निघाले. जाताना एवढंच म्हणाले, "पाणी कमी घाल. पातळ झालं की गॅस धरत नाही." बाजारातच छातीत कळ आली, तिथंच गेले. तोही सोमवारच. तीन वर्षं झाली.

तेव्हापासून यांनी स्वतः बांधलेला गोबरगॅस बंद. माझ्याच्यानं त्यात शेण घालवलं नाही. धाकटे दीर सयाजी भावजी आज पुन्हा म्हणाले, शनिवारी मुरूम टाकून खड्डा बुजवू, मोटारसायकल तरी लावता येईल. मी हो म्हटलं.

२८ फेब्रुवारी

खोडदला जाऊन आले! तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठ्या तबकड्या आज विज्ञान दिनाच्या सगळ्यांना बघायला खुल्या होत्या. सोबत सून, वृषाली. वाचनालयातल्या पुस्तकात कृष्णविवरांचं दोनदा वाचलं होतं, पण एक अडलं होतं — सगळे तारे विझल्यावर जगायचं कशावर? तिथल्या चष्मेवाल्या मुलीला विचारलं. म्हणाली, कुणी उरलंच तर कृष्णविवराजवळ राहील. ते गरगर फिरतं. नेम धरून त्यात कचरा सोडायचा. थोडा आत पडतो, उरलेला टाकला त्याहून जास्त जोमानं बाहेर येतो. त्या जोरावर दिवे लावायचे.

मी म्हटलं, "म्हणजे आमचा गोबरगॅसच की."

खूप हसली. अगदी तसं नाही, म्हणाली. पण पुढच्या घोळक्याला तिनं तेच सांगितलं — मी ऐकलं!

येताना जीपमध्ये वृषाली म्हणाली, "आत्या, तारं इझायला लई टाइम हाय. रातच्या कालवणाचं बोला."

१ मार्च

तीन वर्षं त्या खड्ड्याला वळसा घालून गोठ्यात जाते. आज शेण कालवायच्या कुंडीत डोकावले. गवत उगवलंय, मधोमध एक बेडूक, मालकासारखा. हसू आलं. मग रडू. तोवर भाकरी करपली.

२ मार्च, शनिवार

मुरमाची ट्रॉली दारातून परत पाठवली. भावजींनी कारण विचारलं. तारे विझण्यापासून सगळं सांगितलं. ते वृषालीकडं वळले. "वहिनीला खोडदला नेलं कुणी?"

"मीच," ती म्हणाली. "मुरूम तुमच्या दारात टाका, चिखल लई हाय तिथं."

३ मार्च

बेडूक बाहेर काढला. दोन बादल्या शेण कालवून कुंडीत ओतलं. पाणी कमी घातलं.