सुमनताईंचं नाव दोनदा

१६ एप्रिल, जळगाव. संध्याकाळ.

बिबडे केले त्या दिवशी पहाटेच गच्चीवर ओलं धोतर अंथरलं, ज्वारीचा घाटा उतरवला आणि थोरल्या जाऊबाईंनी, आमच्या अक्कांनी, पहिला बिबडा, ज्वारीचा पापड, थापला. किती हसत होत्या तेव्हा.

आज असोद्याहून त्यांचा फोन. आमच्या गटातल्या बायकांच्या बिबड्यांसाठी मी केलेल्या वेबसाइटवर, बिबडे करणाऱ्यांच्या यादीत, सुमनताईंचं नाव दोनदा, अक्कांचं नाहीच. "बठ्ठासनं नाव शे, मन्हंच नही! दीर गया, मंग नातं बी गयं का वं?" फोन ठेवून दिला.

हे गेल्यापासून कुणाचं बोलणं इतकं लागलं नव्हतं.

घरच्यांचं नाव शेवटी घ्यावं, म्हणून ॲरेत, म्हणजे कोडमधल्या यादीत, अक्का शेवटी, त्यांच्या आधी सुमनताई. तिथे त्या होत्या. मग पानावर सुमनताई दोनदा कशा? प्रोग्रॅमिंगचं पुस्तक पुन्हा काढलं. पहिल्या लूपमध्ये, यादीतलं एकेक नाव घेणाऱ्या फेरीत, नावापुढे गाव जोडायला मी ते नाव धरणाऱ्या व्हेरिएबलला & लावला होता. म्हणजे नावाची नक्कल नाही, मूळ जागाच धरली. लूप संपला तरी ते शेवटच्या, अक्कांच्या जागेला बांधलेलंच. पानावर नावं दाखवणाऱ्या दुसऱ्या लूपमध्ये मी तेच व्हेरिएबल वापरलं आणि येणारं प्रत्येक नाव अक्कांच्या जागी लिहिलं गेलं. सरतेशेवटी तिथे अक्कांच्या आधीच्या सुमनताई. दोन्ही लूपांच्या मध्ये ते बांधलेलं सोडवणारी अनसेटची एक ओळ हवी होती. टाकली. पान सुधारलं.

पण अक्कांना काय सांगू? कॉम्प्युटर चुकला म्हणू? तो चुकला नाही. ह्यांच्या घरचं मला धरून असलेलं माणूस आता त्या एकट्याच.

१७ एप्रिल: पहिल्या बसनं असोद्याला गेले, सुधारलेलं पान उघडून अक्कांपुढे मोबाइल धरला आणि चूक माझी होती म्हणून सांगितलं.