शांत झोपली

३ नोव्हेंबर, सोमवार

अकराच्या आत एकवीस वह्या लिहून झाल्या. प्रत्येकीत त्याच तीन ओळी – डबा संपवला. छान खेळली. शांत झोपली. मुलगा असेल तर 'झोपला'. मुलं दुपारी एकला झोपतात, पण मॅडम म्हणतात, "सकाळीच लिहून ठेव, संध्याकाळी पालकांची घाई असते." माझं अक्षर चांगलं म्हणूनच या बालवाडीत ठेवलं मला.

शिवानी आज झोपलीच नाही. तीन वर्षांची, दिवाळीनंतर नवीन आलेली. दोन तास दाराकडे बघून रडली. वहीत मात्र 'शांत झोपली'. ती ओळ खोडू का, असं दाक्षायणी मॅडमना विचारलं.

"अरे शिवयोगी, खाडाखोड केलेली वही घरी पाठवतात का कुठं?"

४ नोव्हेंबर, मंगळवार

मल्लव्वा मावशींनी जेवणानंतर शिवानीला कपाटातलं सर्दीचं औषध पाजलं. एक चमचा. मी विचारलं, सर्दी झाली का तिला?

"न्हाय रे. झोप येती की त्यानं."

साडेचारपर्यंत झोपली. बाकीची मुलं उठली, चुरमुरे खाऊन झाले, तरी ही उठेना. उचलली तर मान माझ्या खांद्यावर टाकली, लाळ गळत होती. न्यायला आलेली तिची आई म्हणाली, "आज रडली नाही ना भाऊ?"

नाही म्हणालो. ते खरंच होतं!

६ नोव्हेंबर, गुरुवार

काल सुट्टी. आज परत चमचा. शिवानीला, आणि आणखी तिघांना. वही सकाळी लिहून होते, मग दुपारी ती खरी करावी लागते – असं चाललंय.

बाटलीवरचं बारीक अक्षर दोनदा वाचलं. चार वर्षांखालील मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये. मॅडमना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, बाटली परत कपाटात ठेवली.

"बारावी झालास का तू?"

म्हणालो, अकरावीत सोडलं.

"मग?"

एवढंच म्हणाल्या. मल्लव्वा मावशी हसायला लागल्या – "माजी दोन लेकरं अशीच वाढली बघ. एक कंडक्टर हाय. तिकिटं बरोबर फाडतोय की!"

७ नोव्हेंबर, शुक्रवार

शिवानीच्या वहीत खरं लिहिलं. 'शिवानीला दुपारी सर्दीचे औषध देतात. तिला सर्दी नाही. कृपया चौकशी करावी.' आणखी बरंच, पान भरून. आधी कच्चं लिहून मग उतरवलं. वही तिच्या पिशवीत घातली.



८ नोव्हेंबर, शनिवार

धनलक्ष्मीताई, म्हणजे शिवानीची आई, सकाळी वही उघडी धरूनच आल्या. त्या माझ्याकडे आल्याच नाहीत. सरळ मॅडमपुढे!

"मॅडम, रोज तीन ओळी असतात, त्या बघून कळतात. आज लई लिवलंय. वाचा की. मला तेलुगूच येतं वाचायला."

मॅडमनी आधी मनात वाचलं. मग माझ्या ओळींखालून बोट फिरवत मोठ्यानं – "शिवानी आता रुळली आहे. गाणी म्हणते. मैत्रिणींना खाऊ देते." पान संपेपर्यंत बोट कुठे अडखळलं नाही. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "थँक्यू भाऊ, एवढं कोण लिवतं?"

मी हसलो. हसलो!

ताई गेल्यावर मॅडमनी पान फाडलं. निघताना फक्त, "सोमवारी वेळेवर ये."

१० नोव्हेंबर, सोमवार

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी थांबून धनलक्ष्मीताईंना तोंडी सांगितलं. वहीत काय होतं तेही. त्यांनी शिवानीला उचलून तिच्या तोंडाचा वास घेतला.

"किती दिवस?"

"चार. बुधवारी सुट्टी होती, शनिवारी अर्धी शाळा."

"आन् तू रोज लिवलास, शांत झोपली."

हो म्हणालो.

"आता मी काय करू, सांग. कारखान्यात युनिफॉर्म शिवते, सहापर्यंत मशीनवरनं उठता येत नाही. सासू नाही, कोण नाही. कुटं ठेवू हिला?"

नुसतं औषध वाईट आहे, औषध वाईट आहे, एवढंच म्हणत राहिलो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

शिवानी आली नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आजही नाही. मॅडमनी विचारलं, "तू काही बोललास का तिच्या आईला?" नाही म्हणालो. त्या तिघांना आजही चमचा दिला. मी त्यांच्या सतरंज्या घातल्या.

पण एक तरी सुटली. दिवसभर हेच मनात.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

शिवानीचा डबा आणि स्वेटर बालवाडीतच राहिले होते. ते पोचवायला दुपारच्या सुट्टीत तिच्या घरी आलो. दाराला बाहेरून कुलूप.

शेजारीण म्हणाली, "आई कारखान्यात गेली. पोरगी आत हाय की. काय तरास न्हाय, झोपती. सोमवारी कोणतरी भेटलं म्हणं तिला, त्यानं सांगितलं कुटल्या औषधानं लेकरं झोपत्यात ते."

खिडकीतून हाक मारली. उठत नाही. छाती वरखाली होताना दिसते. सव्वादोन झालेत. ताई सहाला सुटतात. मी पायरीवर बसून बघतोय.