मेंढरं बसलेल्या गावांचं नमन

आबा,

तुमचं नमन रेडिओवर लागलं. सगळं लागलं, एकही गाव न गाळता. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी ही बातमी आधी सांगावी असं दुसरं कुणी सुचेना, म्हणून दुकानातली मापाची वही उलटी करून मागच्या पानावर लिहायला बसले आहे. दोन ब्लाउज अर्धवट पडलेत आणि त्यांच्या मालकिणी सहाला येऊन माझ्या नावानं बोटं मोडतील. मोडू देत.

हा रेडिओ म्हणजे तुम्ही मेंढरांमागं खांद्याला लटकवून हिंडायचात तो नव्हे. हा इंटरनेटवर चालतो, मोबाइलवर ऐकायचा, आणि आपल्यासारख्यांनी पदरमोड करून केलेली गाणीही लावतो. पण आपण उठून त्यांना गाणं पाठवलं असं चालत नाही, मध्ये डिस्ट्रिब्युटर लागतो. तुम्ही लगेच म्हणाला असतात, "म्हंजे अडत्याच की गं." बराबर. हळद जशी अडत्याच्या ओट्यावर न्यावी लागते, तसं गाणं त्याच्याकडं द्यायचं, फॉर्म भरायचा, वर लावायला एक फोटो द्यायचा, मग तो ते ठिकठिकाणी पोचवतो. नांदेडच्या स्टुडिओत जाऊन मी तुमची बिरोबाची ओवी म्हटली, ढोल धाकट्या भावानं वाजवला आणि आम्ही ते पाठवून दिलं. पहिल्या झटक्याला परत आलं. फोटोवर मी दुकानाचा मोबाइल नंबर टाकला होता! आपल्याकडं साध्या बारशाच्या फ्लेक्सवरसुद्धा नंबर असतो, मला काय ठाऊक की गाण्याच्या फोटोवर तो चालत नाही. नंबर काढला. मग डिस्ट्रिब्युटरकडच्या मुलीचा फोन आला. गोड बोलणारी, पुण्याकडची. "ताई, आवाज फार छान आहे, पण इंट्रो खूप लांब झालाय. रेडिओवाले पहिलं अर्धं मिनिट ऐकतात आणि पुढं जातात. सुरुवातीची ती गावांची नावं काढून पाठवा ना."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "बाई, तो इंट्रो न्हाई, नमन हाय ते." ती शांतपणे म्हणाली, "हो ताई, तेच काढा." भाऊही तिच्याच बाजूचा. "काढून टाक की. गावाची नावं कोण ऐकून राहिलं?" खरं सांगते, आबा, माझंही मन डळमळलं. तुमची ओवी माझ्याबरोबर संपणार, ही धास्ती मला कधीपासून आहे. माझ्या पोरींना तिच्यात गोडी नाही, भावाला फक्त ढोल येतो. नमनाची चार मिनिटं कापली तर बाकीची ओवी जगेल, असा हिशेब मी केला आणि कापायला बसले. पण मला ते माळरान आठवलं.

मी तेरा वर्षांची आहे. बिरोबाची जत्रा, दुपारचं ऊन, आणि ढोलापुढं पोरगी उभी म्हणून आधीच कुजबुज चाललेली. गावचे पुढारी येऊन बसलेत, त्यांना जायची घाई आहे. मागून कुणी तरी "आटपा लवकर" म्हणतं आणि मी नमन सोडून थेट कथेत उडी घेते. तुम्ही ढोलावर पालथा हात ठेवता. "काहून गं? उंबरा न्हाई का या घराला?" पुढारी म्हणतात, "चालू द्या हो, लेकरू हाय." तुम्ही त्यांच्याकडं बघतही नाही. "ज्यायच्या वावरात झोपलीस, त्यायच्या देवाला आधी हात जोड." शरमेनं आणि रागानं मी सगळी गावं एका दमात म्हणून टाकते, कुरुंद्याचा मारुती, बाळापूरचा महादेव, नरसीचे नामदेव महाराज, आणि माणसं हसतात. पुढं चार दिवस मी तुमच्याशी बोलत नाही. पाचव्या दिवशी मी भाकरी थापत असताना तुम्ही नरसीच्या दुकानातून आणलेली पितळी झांज परातीशेजारी ठेवता आणि म्हणता, "वाजव." नांदेडला तीच वाजवली.

त्या नमनात कोणतं गाव येतं हे मला उशिरा उमगलं. पाऊसकाळ सरला की आपण मेंढरं घेऊन निघायचो. ज्यानं वावरात ती बसू दिली त्याला खत मिळायचं, आपल्याला मुक्काम, आणि त्या गावाचा देव त्या सालापासून नमनात यायचा. एका गावानं पुढं आपल्याला काठ्या घेऊन हाकललं, तेव्हा मी म्हटलं होतं, याचं नाव काढा. तुम्ही म्हणालात, "एक रात तर जागा दिली व्हती ना? मग न्हाई काढायचं." गावं संपली की गेलेल्या गाणाऱ्यांची नावं, तुमच्या आज्याचं, तुमच्या बापाचं. जिवंत माणसाचं नाव नमनात घ्यायचं नाही, त्याच्या पाया पडायचं, हेही तुम्हीच शिकवलंत.

मग मी कापलं नाही. वेगळं केलं. फॉर्ममध्ये नमन हे एक गाणं आणि कथा हे दुसरं गाणं म्हणून भरलं. मुलगी म्हणाली, "ताई, ते वेगळं कुणी लावणार नाही, पण राहू द्या." महिना गेला. गेल्या आठवड्यात तिचाच फोन, आणि ती माझ्याहून जास्त गडबडलेली. "ताई, रेडिओवाल्यांनी निवडलं! कथा नाही, नमन निवडलं. तुमच्याकडं अजून असलं काही आहे का, विचारतायत." मला हसूच आवरेना. काल दुपारी चारला मशीन थांबवून मोबाइल फळीवर उभा केला. कुरुंद्याची एक म्हातारी नातीचा ब्लाउज न्यायला आली होती, तीही बसली. झांज वाजली, मी वाजले, आणि मारुतीचं नाव आल्याबरोबर म्हातारीनं पदर डोक्यावर घेतला. "अगं बाई, ह्यो आमचाच का?" म्हटलं, "व्हय आजी, तुमच्याच शिवारात आमची मेंढरं बसायची." ती म्हणाली, "त्यो उंच धनगर? लई गायचा." मग ब्लाउज तसाच मांडीवर ठेवून ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

शेवटी भावानं विचारलं ते तुम्हीही विचाराल, म्हणून लिहिते. तुमच्या बापाचं नाव झालं की आता तुमचं यायला हवं. स्टुडिओत ती जागा आली, ढोल थांबला, आणि मी पुढं गेलेच नाही. भावाला सांगितलं, विसरले. विसरले नव्हते, आबा. त्यांनी आणखी मागितलंय, तर पुढच्या वेळी नक्की घेईन. हे पान वहीतून फाडणार नाही, मापांमागं राहू दे. आज सकाळी दुकान उघडण्याआधी एकटीनं म्हणून बघितलं. तुमच्या बापापर्यंत नीट आले, आणि तुमच्या नावाच्या जागी वाकून जमिनीला हात लावला, जसं काही तुम्ही समोरच बसलात.