पुस्तकातला शेवट

दादा,

काल थिएटरच्या पायऱ्यांवर मी उगाच तुझ्यावर उखडले. सिनेमावाल्यांनी कादंबरीची वाट लावली, पुस्तकात भाऊ बहिणीला न्यायला यान घेऊन परत येतो, असं मी छातीठोक सांगत होते. "सिनेमात आहे तेच बरोबर," तू म्हणालास. त्यावर, "तू पुस्तक नीट वाचलंच नाहीस!" असंही मी बोलून बसले. तू तडक निघून गेलास. तेव्हापासून तुझा फोन बंद आहे.

आज सकाळी तुझं पुस्तक काढून शेवट वाचला. भाऊ येतच नाही रे. आई दवाखान्यात होती तेव्हा मला वाचून दाखवताना तो शेवट तू मनानेच रचलास ना?

मी ड्युटीवर जातेय. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय. आलास की आधी फोन कर, कितीही काम असलं तरी उचलेन.

मला तू वाचून दाखवलेलाच शेवट हवाय. घरी ये.