तानीआत्तीचं दूध

७ नोव्हेंबर
कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याने बश्या बंद केल्या. पूर्वसूचना नाही, हरकती मागवल्या नाहीत. कागदी कप, तोही काठोकाठ. ज्या सांगलीने बशीतून फुरके मारत पिढ्यान्‌पिढ्या राजकारण केलं, ती हे मुकाट सोसते आहे. यावर लेख व्हायलाच हवा.
शर्टावर तीन डाग. बशी असती तर बशीत राहिले असते.

१२ नोव्हेंबर
लेख छापून आला. लोक हसले. खरं कारण त्यात नव्हतं. डावा खांदा. आपोआप उडतो, मागून कुणी हाक मारल्यासारखा. बोटं मांडीवर पेटी वाजवतात. वडिलांचं, आप्पांचं असंच सुरू झालं होतं. वर्गात उजव्या हातावर बसून शिकवायचे. पोरांना वाटायचं, मास्तरांची बसायची पद्धत आहे.

१९ नोव्हेंबर
मिरजेला डॉक्टरांकडे. तरुण, फार नम्र. म्हणजे बातमी वाईट.
"वडिलांचाच आजार असू शकेल. रक्तातून कळेल. आई-बापांपैकी एकाला असला, की मुलाला येणार का, हे नाणं उडवल्यासारखं." आधी हातपाय, मग स्वभाव, मग डोकं. स्वभाव चिडका होतो म्हणे, जीभ तिखट. मग आजवरच्या माझ्या लेखनाचं श्रेय नक्की कुणाला?
रक्त दिलं. घराण्यात हा आजार कुणाकुणाला होता त्याचा तक्ता करून आणायचा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल.

२० नोव्हेंबर
कराडहून मुक्ताचा फोन. लग्नाला चार वर्षं झाली. मूल हवंय, पण लेक थांबलीय. "बाबा, तुमच्यात नसेल तर माझ्यात नाहीच. तेवढं एक कळू दे." ही एवढी सभ्य कधीपासून झाली? भांडली असती तर बरं वाटलं असतं.

२८ नोव्हेंबर
एस.टी.ने तासगाववरून पूर्वेला, गावी. सोनाआत्ती, आप्पांची धाकटी बहीण. ऐंशीच्या पुढे. कान तिखट, जीभ माझ्याहून.
आमच्या घराण्यात बिरोबाची गादी. ज्याच्या अंगात देव येतो त्याने जत्रेत घोंगडीवर बसून भाकणूक करायची. पाऊस कुठे पडेल, रोगराई कुठे येईल. वारस कसा ठरायचा? ज्याचा खांदा आधी उडेल तो.
आत्तीने बोटं मोजली. पणजोबा. आबा, म्हणजे माझे आजोबा. त्यांचा थोरला भाऊ. मग आप्पा. आप्पांनी गादी नाकारली, सांगलीला येऊन विज्ञान शिकवलं.
"तुझ्या बापानं देव सोडला. देवानं त्याला न्हाई सोडला."
मी चौकोन काढत होतो. डॉक्टरांना हवा तो तक्ता हिला तोंडपाठ. हिच्या लेखी ते रोगी नव्हेत, निवडलेले.
"आणि बायका?"
"बायकांच्यात देव येत न्हाई आपल्यात."
मग भाकरी थापता थापता: "तानीचा हात हलायचा. लय हलायचा."
तानीआत्ती, तिची थोरली बहीण. सासरच्यांनी वेडी म्हणून परत धाडलेली. घरामागच्या परड्यातल्या खोपटात राहायची, तिथेच गेली.
"तिला का नाही बसवलं घोंगडीवर?"
"काय बोलतोस रं! बाईमाणूस ती. दूध सांडलं की आईच्या शिव्या खायची."
खांदा तोच. आबांचा उडला की नारळ, तिचा उडला की शिवी.
पहिला गोल काढला. वाकडा आला.

२९ नोव्हेंबर
तक्ता साफ लिहिताना आठवलं. सुट्टीत गावी गेलो की मी तानीआत्तीच्या चालण्याची नक्कल करायचो. घरापुढचा सोपा भरून लोक हसायचे. तीही. डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही, चांगली खदखदून. मग खोपटात बोलावून वाटीभर सायीचं दूध द्यायची. निम्मं सांडलेलं.
माझा पहिला विनोद आणि पहिलं मानधन. पुढे सगळं त्याच भांडवलावर.

५ डिसेंबर
मिरजेहून रक्ताच्या अहवालाचं पाकीट आणलं. मुक्ता म्हणाली, "मी रविवारी येते, मिळून उघडू. आधी बघू नका हं. तुमच्या तोंडावर कळेल मला."
दाढी करताना आरशात आप्पा. वस्तरा त्यांच्याच हातात. गाल कापला माझा.

शनिवार
पाकीट घरात एकटं ठेववेना. पिशवीत घालून गावी गेलो. आत्तीला म्हटलं, सहज आलो.
"सहज कोण येतंय इतक्या लांब? कवापासनं उडतोय?"
"काय?"
"मला शिकवतो व्हय! आबाच्या मांडीवर वाढलेली हाय मी."
घोंगडी काढेल, भंडारा लावेल असं वाटलं. ओठावर टोमणा तयार होता. तिने काहीच काढलं नाही. नुसती खांद्यावर हात ठेवून बसली. खांदा तिच्या हाताखाली उडत राहिला. एकदा वाटलं, हलतोय तो तिचाच हात. वयाने असेल.
"मुक्तीला सांगितलंस?"
"उद्या."
मग वाटीभर दूध मागितलं, वर साय. तिने दिलं. वाटीखाली बशी तेवढी सरकवली.
तानीआत्तीच्या खोपटाच्या जागी आता कडब्याची गंजी आहे. पाकीट पिशवीत, तसंच. वाटी गंजीच्या कडेला टेकवली. येता येता बशीत बरंच सांडलं होतं. तेही वाटीत परत ओतलं.