अंगावरचं लुगडं

सिरसाळा
८ मार्च १९८७

प्रिय मुक्ते,

जयभीम. हे पत्र मुकादमाच्या भावाजवळ, धोंडीरामजवळ देतेय. तो उद्या सकाळी तुमच्या टोळीवर परत निघालाय. पण एक ऐक, हे मुकादमाकडून वाचून घेऊ नकोस आणि नवरा असला तरी शहादेवकडूनही नको. चौथी पास झालीस ती काय नुसता ऊस तोडायला? अक्षरं मी ढब्बू ढब्बू काढलीत. पाचटाच्या कोपीत एकटी बस आणि एकेक अक्षर लावत वाच. दोन दिवस लागले तरी लागू देत.

धोंडीरामनं तुमचा निरोप सांगितला. कारखाना बंद झाला तरी तुम्ही गावाकडं यायचं नाही म्हणता. तिकडंच कालव्याकाठी कुणा बागायतदाराच्या मळ्यात राहायचं, दिवाळीनंतर पुन्हा त्याच टोळीत शिरायचं आणि तोवर तुमची लेक छबी माझ्याकडंच. शहादेवचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. इथं टँकर तीन दिवसांआड येतो आणि बाया एका घागरीसाठी एकमेकींच्या झिंज्या धरतात. पण एवढं सांगून झाल्यावर धोंडीराम जरा घुटमळला. म्हणाला, मुक्तानं वेगळं एक विचारलंय, छबी माझी आठवण काढती का? मी कपड्यांच्या घड्या घालत होते. मान वर न करता म्हणाले, काढती की, रोज काढती. तो गेला आणि मी घड्या अर्ध्यावर टाकल्या. आणि हे लिहायला बसले.

आधी धंद्याचं सांगते, तिथं तरी माझी जीभ नीट चालते. आठ वर्षं नांदवून, मूल होत न्हाई म्हणून त्या माणसानं मला परत आणून सोडलं, तेव्हा अख्खी गल्ली म्हणत होती की लोकांच्या चिंध्यांवर हिचं पोट कसं भरणार? भरतंय. डोक्यावर स्टीलची भांडी घेऊन गावं फिरते, भांड्यावर जुने कपडे घेते आणि बाजारात विकते. यंदा लांब बाह्यांचे शर्ट दसऱ्याच्या आधीच संपले. सगळ्या टोळ्यांतल्या बाया घेऊन गेल्या, उसाची पात हात चिरते म्हणून लुगड्यावरून घालायला. तुझ्या अंगावरचे दोन्ही माझेच आहेत, काखेत उसवले असतील तर टाके घाल, आळस करू नकोस.

दुसरं गिऱ्हाईक बाळंतिणीच्या घरचं. आपल्याकडं पोराच्या अंगाला पहिला कपडा नवा लावत नाहीत, माहीतच आहे तुला. जुनं, वापरून मऊ झालेलं लुगडं फाडून त्याची कुंची, झबलं करतात. आणि ते कुणाचंही चालत नाही. बाया आधी विचारतात, जित्या लेकराच्या माईचं हाय का? मला प्रत्येक लुगड्याचं घर ठाऊक असतं आणि त्या बाबतीत मी आजवर खोटं बोललेले नाही. धुण्यातही माझा हात कुणी धरणार नाही. सोड्याच्या उकळत्या पाण्यात एकदा, रिठ्यात दोनदा, मग कडक उन्हात. पहिलीचा वास उरला तर दुसरी बाई ते अंगाला लावत नाही. माझ्याकडून गेलेल्या लुगड्यात आधीची बाई शोधून सापडायची नाही.

छबी या सगळ्यात मजेत असते. बाजारात गठुड्यावर बसते, तुटलेल्या गुंड्यांचे रंगरंगाचे ढीग लावते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडते, घ्या मऊ मऊ! लोक हसतात आणि थांबतात, त्यामुळं विक्रीही होते. एकदा ढिगात झोपून गेली आणि मी बया तिच्यासकट गठुडं बांधायला निघाले. गाठ मारताना आतून शिंक आली तेव्हा कळलं. मधे चार दिवस ताप होता तेव्हा तिला पाठीशी बांधून धर्मापुरीचा बाजार केला, कारण घरी कुणाजवळ ठेवू? उतरला ताप. आता बरी आहे, दोन्ही वेळा भाकरी-कालवण खाते.

तू निघालीस तो दिवस आठव. ट्रक उभा होता, मुकादम शिव्या देत होता आणि तू आत जाऊन अंगावरचं हिरव्या काठाचं लुगडं सोडलंस, दुसरं नेसलीस आणि ते तसंच माझ्या हातात दिलंस. मी नाक मुरडलं. तू म्हणालीस, "आक्का, हे धुऊ नको. ह्याच्यात ती झोपंल." खरंच झोपायची. दुपारी बाजारावरून आलं की स्वतः ते ओढून आणायची, पदरात तोंड खुपसायची आणि अंगठा चोखत डोळे मिटायची. मी शेजारी आडवी व्हायचे तर माझ्याकडं पाठ करायची. एकदा मी तिला जवळ ओढलं तर माझा हात काढून टाकला आणि लुगड्यावर थोपटून म्हणाली, "माय हिकडं हाय."

संक्रांतीला शहादेव त्याच्या आईला बघायला आला होता, तेव्हा मी त्याला सांगितलं की ते लुगडं चुकून विकायच्या गठुड्यात गेलं आणि धर्मापुरीच्या बाजारात विकलं गेलं. त्यानं तुला सांगितलं असेल. मी वाट बघत होते की तू चार शिव्या पाठवशील. तू निरोप पाठवलास, जाऊ दे, आक्काच्या मागं लई कामं असत्यात. मुक्ते, त्यापेक्षा तू येऊन माझ्या तोंडात मारली असतीस तर बरं झालं असतं.

कारण ते चुकून गेलं नव्हतं. पौषात इथं प्यायला पाणी नव्हतं. त्या महिन्यात मी एक चिंधीसुद्धा धुतली नाही, आलेली गठुडी तशीच भिंतीला लावून ठेवली होती. फक्त तुझं लुगडं धुतलं. टँकरच्या रांगेत सकाळपासून उभी राहून दोन घागरी मिळाल्या होत्या, प्यायच्या, त्या दोन्ही त्याच्यावर ओतल्या. एकदा सोड्यात, दोनदा रिठ्यात. छबी अंगणात खेळत होती. वाळल्यावर ते नाकाशी धरून बघितलं, तू कुठं राहिली नव्हतीस. मग धर्मापुरीला वत्सलाबाईला दिलं, तिची लेक पहिलटकरीण होती. तिनं विचारलं, जित्या लेकराच्या माईचं हाय ना? मी हो म्हणाले. त्या दिवशी तेवढंच खरं बोलले. त्याची आता कुंची झालीय, मी बघितलीय.

तीन दिवस छबीनं घरातलं एकूण एक गठुडं उपसलं. प्रत्येक लुगडं नाकाला लावायची आणि टाकून द्यायची. रडत नव्हती, नुसती शोधत होती. मी बघत बसले होते. चौथ्या दिवशी आली आणि माझ्या पदरात तोंड घालून झोपली. त्यानंतर थोड्याच दिवसांत मला माय म्हणायला लागली. मी तिला एकदाही म्हटलं नाही की बाळा, मी मावशी. पाण्याच्या रांगेत आपल्या गल्लीतली दगडाबाई हसून म्हणाली, माय मरो पण मावशी जगो, म्हणतात ते काय खोटं न्हाई. सगळ्या बाया हसल्या. मीही हसले, मला गोड वाटलं, आणि घागर भरेपर्यंत माझ्या ध्यानातही आलं नाही की त्या म्हणीत मरतंय कोण. नंतर आलं, तेव्हा रस्त्यातच घागर टेकवून बसले.

आता तू विचारलंस त्याचं उत्तर. नाही, छबी तुझी आठवण काढत नाही. परवा कुणी विचारलं, तुझी माय कुठं गेली गं, तर माझ्याकडं बोट केलं. आणि मला आनंद झाला. लई झाला. पस्तीस वर्षांत कुणी माझ्याकडं असं बोट केलं नव्हतं. म्हणूनच सांगते, तुम्ही आणखी एक साल तिकडं राहिलात तर तू छबीला न्यायला आलीस तरी मी तिला देणार नाही. काहीतरी कारण काढीन, भांडेन, तुझीच चूक आहे असं तुझ्या तोंडावर म्हणेन आणि ते मला पटेलसुद्धा. मी स्वतःला ओळखून आहे. तेव्हा कारखाना बंद झाला की तू ये. शहादेवला मळ्यावर राहायचं तर राहू दे, तू ये. पाण्याचं आपण दोघी बघू, रांगेत एकीला दुसरीचा आधार होईल. आणि तोवर एवढं कर. धोंडीराम होळीला पुन्हा गावी येणार आहे. त्याच्याजवळ तुझं रोजचं नेसतं लुगडं दे, जे नेसून उसाच्या मोळ्या बांधतेस ते. घामाचं, धुराचं, उसाच्या चिकाचं, असेल तसं. ती आधी ओळखणार नाही, ढकलून देईल कदाचित. पण मी रोज दुपारी तिला त्याच्यातच निजवीन आणि स्वतः दुसरीकडं तोंड करून पडेन. आळस नको करू म्हणून मी जन्मभर तुझ्यामागं लागले, पण एवढ्या बाबतीत माझं ऐक. ते धुऊ नकोस.

तुझीच,
आक्का